एका नावाची दोन माणसं

भोसरी,
२ मार्च १९८१

दादा,

तुला, आईला आणि वहिनीला जयभीम.

कारखान्यातून काढलं की सुट्टी दिली, ते एकदा नीट सांग, असं तू विचारलंस. नीट सांगता येत असतं तर आधीच सांगितलं नसतं का? याला इथं ब्रेक म्हणतात. आठ महिने भरत आले की टाइमकीपर हाक मारतो, टोकन काढून घेतो आणि म्हणतो, "ब्रेक झाला तुझा. तीन महिन्यांनी ये." म्हणजे काढलेलं नसतं आणि ठेवलेलंही नसतं. आठ महिने पुरे झाले तर माणूस कायम व्हायची भीती असते. भीती त्यांना, म्हणून ते पुरे होऊ देत नाहीत. हा माझा तिसरा ब्रेक. मागच्या वेळी पिंपरीच्या बाजारात पोती उचलली. आयटीआयचा टर्नर पोती उचलतोय हे बघून तिथला हमालसुद्धा हसला.

आता मुद्द्याचं. टाइमकीपर म्हणतो, सोमनाथ ओव्हाळ तीन महिने चालणार नाही, पण दुसरा कुणी उद्यापासून चालेल. दुसरा म्हणजे मीच, नाव दुसरं. आमच्यातले चारपाच जण असेच आहेत. एक जण मेहुण्याच्या नावावर आहे. फोरमनला ठाऊक असतं. वर बसलेल्यांना आमचे चेहरे कुठं ठाऊक असतात? फक्त नाव खऱ्या माणसाचं हवं आणि शाळेचा दाखला हवा.

दादा, तुझं नाव देशील? बापाचं नाव एक, आडनाव एक. तुला रस्त्याच्या कामावर दाखला लागत नाही. नको वाटलं तर नको म्हण, मी रागावणार नाही.

तुझा,
सोमनाथ


कासार आंबोली,
११ मार्च १९८१

सोमनाथा,

पत्र पौडला इब्राहिमभाईच्या सायकलच्या दुकानात दोन दिवस पडून होतं, म्हणून उशीर झाला. त्याच्याच हाती दाखला पाठवतोय. तो सायकलींचं सामान आणायला पुण्यात येतो, तुला गाठून देईल. जपून ठेव. सातवी पासचा आहे, पण आपल्या घरातला तो पहिला दाखला आहे.

तुमच्या ब्रेकचं वाचून मला हसू आलं. आमच्याकडं ती भानगड नाही. सकाळी मुकादमानं हजेरीपटावरचं नाव घेतलं की त्या दिवसापुरता मी सरकारचा, संध्याकाळी पुन्हा आपला घरचा. रोजच काढतात आणि रोजच घेतात, म्हणून वाईट वाटायला सवड मिळत नाही. पौडच्या रस्त्यावर खडी टाकणाऱ्याचं नाव आहे काय आणि नाही काय. तू वापर.

एक मात्र आहे. मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, तेव्हा तिथं जरा पोक्तपणानं वाग. आणि आईला यातलं काही सांगू नकोस. ती म्हणेल, माझी दोन लेकरं, त्यातलं एक कुठं गेलं?

माझ्या नावाला आजवर कुणी वावगं बोललेलं नाही, तेवढं सांभाळ.

तुझा दादा,
जयवंत


भोसरी,
१८ ऑक्टोबर १९८१

दादा,

मी तू झाल्याला सात महिने झाले. पहिले काही दिवस "जयवंत" अशी हाक आली की मी मागं वळून बघायचो, तू आलास की काय म्हणून. आता सवय झाली. कागदोपत्री मी सातवी पास हेल्पर आहे. आयटीआयचं सर्टिफिकेट पेटीत आहे. लेथ मात्र तोच चालवतो, जो आधी टर्नर म्हणून चालवत होतो. पगार हेल्परचा. फोरमन म्हणतो, "जयवंता, हेल्परच्या मानानं तुझा हात चांगलाच बसलाय रे." आणि डोळा मारतो.

आता खरी बातमी. कंपनीला मोठी ऑर्डर आली आहे. नवा पर्सोनेल ऑफिसर आलाय, तो म्हणतो ब्रेक देत बसलो तर माल कोण काढणार, काही हेल्पर कन्फर्म करा. कन्फर्म म्हणजे कायम, परमनंट. त्या यादीत जयवंत भिकाजी ओव्हाळ आहे. दादा, मी ते नाव पुन्हापुन्हा वाचलं.

जांब्याच्या वाल्मीकमामांनी त्यांच्या मुलीच्या, जयाच्या बाबतीत काय सांगितलंय ते तुला ठाऊक आहे. टेम्पररीला मुलगी देणार नाहीत. त्यांचंही चुकत नाही. हे काम झालं तर तेही होईल.

एकच अडचण आहे. कन्फर्म करण्याआधी कंपनी गावच्या पोलीस पाटलाकडं चौकशी पाठवते. माणूस खरा आहे का, कसा आहे, एवढंच. हैबतराव आपले आहेत. त्यांना तू सांगशीलच.

तुझा,
सोमनाथ


कासार आंबोली,
९ नोव्हेंबर १९८१

सोमनाथा,

हैबतराव आपले आहेत, पण ते पोलीस पाटीलही आहेत, हे तू विसरलास.

आधी इकडची बातमी ऐक. आमच्या खात्यात ज्यांची रोजंदारीवर पाच वर्षं सलग भरली त्यांना पक्कं करणार आहेत. माझी येत्या शिमग्याला भरतात. ओव्हरशियरनं प्रस्ताव वर पाठवलाय. मग मी होणार 'रूपांतरित नियमित अस्थायी'. हे मी कागदावरून उतरवून घेतलंय, तुला खोटं वाटेल म्हणून. नियमित पण आणि अस्थायी पण. मी ओव्हरशियरला विचारलं, "साहेब, यातलं नेमकं मी काय होणार?" तो म्हणाला, "जयवंत, पगार महिन्याला मिळेल आणि म्हातारपणी पेन्शन मिळेल. बाकीचं वाचू नकोस." म्हटलं, बरं.

आता तुझी चौकशी. हैबतरावांची रीत तुला ठाऊक आहे. वर काही लिहून पाठवायचं तर ते आधी देवळाच्या पायरीवर दोघाचौघांना वाचून दाखवतात, उद्या कुणी बोल लावू नये म्हणून. परवा मी कामावरून येत होतो तर मला हाक मारून बसवलं आणि मोठ्या आनंदानं वाचायला लागले. "जयवंत भिकाजी ओव्हाळ हा इसम इथलाच राहणारा असून सालस व निर्व्यसनी आहे. गेली पाच वर्षे पौड रस्त्याच्या कामावर रोज हजर असतो. कधी खाडा करीत नाही." बसलेले लोक म्हणाले, अगदी बरोबर लिहिलंय. मी मान खाली घालून ऐकत होतो. माझं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

नंतर एकट्याला गाठून मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कागदाची घडी घातली. म्हणाले, "जयवंता, ज्ये डोळ्यानं रोज बगतुया त्ये न्हाई म्हनून कसं लिवू? हितं हायेस त्यो हितंच हायेस." कागद अजून धाडलेला नाही. थोडे दिवस थांबतो म्हणाले.

बघतो काय करता येईल ते.

जयवंत


भोसरी,
१७ नोव्हेंबर १९८१

दादा,

काही करू नकोस. पाटलांना आहे तसं लिहू दे. तुझी पाच वर्षं भरत आली आहेत, त्याला धक्का लावू नकोस. मला ब्रेकची सवय आहे. वाल्मीकमामांना मी सांगेन, आणखी थांबा. नाही थांबले तर नाही.

हे मी मनापासून लिहितोय. आणि तरी पत्र टाकताना वाटतंय की काहीतरी व्हावं. काय व्हावं ते मलाच कळत नाही.

सोमनाथ


कासार आंबोली,
२८ डिसेंबर १९८१

सोमनाथा,

काम झालं. एवढा घाबरतोस काय?

आमचा ओव्हरशियर भला माणूस. मी त्याला म्हटलं, घरची अडचण आहे, काही दिवस मला गावापासून लांब द्या. त्यानं मला ताम्हिणीकडच्या कामावर पाठवलं. तिथं दरडीचे दगड बाजूला करायचं काम आहे, राहायचंही तिथंच. हजेरी चालूच, म्हणजे पाच वर्षं कुठं तुटत नाहीत. मी पाटलांच्या डोळ्यांसमोर नाही, तेव्हा त्यांनाही लिहायला हरकत राहिली नाही. "सदर इसम सध्या गावी नसून भोसरी येथे नोकरीस असल्याचे समजते," असं लिहून कागद गेला. पायरीवर वाचूनच गेला. 

आता तू पक्का हो आणि मी पण होतो. दोन्ही जयवंत पक्के झाले तर सरकारचं काय जातंय?

थंडी फार आहे. आई बरी आहे.

जयवंत


भोसरी,
२५ जानेवारी १९८२

दादा,

आज कन्फर्मेशनचं पत्र हातात पडलं. कंपनीच्या शिक्क्याचं, इंग्रजीत, वर तुझं नाव. मी फोरमनच्या पाया पडलो तर तो म्हणाला, माझ्या कशाला पडतोस, ज्याचं नाव आहे त्याच्या पड.

दादा, हे तुझ्यामुळं झालं. वाल्मीकमामा होय म्हणाले. मेच्या शेवटच्या रविवारी लग्न करू म्हणतात, जांब्यालाच.

घरासाठी मनीऑर्डर केली आहे, मिळाली की कळव. तुझ्या ऑर्डरचं काय झालं? शिमगा आता किती लांब आहे?

तुझा,
सोमनाथ


कासार आंबोली,
२० मार्च १९८२

सोमनाथा,

ऑर्डर आली. रूपांतरित नियमित अस्थायी झालो. आईनं पेढे खाल्ले.

तुझी मनीऑर्डर मी घेतली नाही, परत केली. राग मानू नकोस. आता मीही पगारी माणूस आहे. धाकट्या भावाचे पैसे घेतले तर लोक म्हणतील, सरकारी नोकर असून पोट भरत नाही की काय. ते तू लग्नाला ठेव. पुन्हा पाठवू नकोस, पुन्हा परत येतील.

बाकी ठीक.

जयवंत


पौड,
८ एप्रिल १९८२

भावजी,

जयभीम. मी गोजरा बोलतिया. लिवनारी इब्राहिमभाईची पोरगी दिलशाद हाय. तिला म्हनलंय, मी बोलीन तसंच लिव, सुधरवू नगंस. तुमचं भाऊ बाजाराला आलं न्हाईत, म्हनून आज घावलं.

त्येंना आर्डर आली न्हाई, भावजी. ताम्हिनी बी खोटं. त्ये कुटंच गेलं नव्हतं. हैबतराव म्हनलं, "तुझं नाव रस्त्यावर हाय तवर मी तसं लिवनार न्हाई. नाव काढ, मंग लिवतो." तवा ह्येंनी साहेबाला लिवून दिलं, मी भोसरीला नोकरीला लागलो, माजं नाव कमी करा. मुकादम लई म्हनत हुता, "जयवंता, शिमग्यापतूर तरी थांब." पर पाटलाचा कागद तवर थांबनार नव्हता.

आता गावाच्या कडंला पुन्याच्या लोकांचं बंगलं चालल्यात, तितं दगूड वाहत्यात. काम असंल तर हाय, न्हाई तर नुसतं बसून येत्यात. घरनं निगताना मातूर रस्त्याच्याच टायमाला निगत्यात, डबा घिऊन. आईला अजून ठावं न्हाई.

शिमग्याला कुशाबाला आर्डर आली. दोगं बी एकाच दिशी रस्त्यावर लागलं हुतं. त्यो पेढे घिऊन घरी आला. ह्येंनी एक खाल्ला आन बाकीचं आईला दिलं, माजीच आर्डर आली म्हनून. आईनं हातावर घिऊन कपाळाला लावलं. मी चुलीपाशी बसून बगत हुते. 

तुमी त्येंना कायबी लिवू नगा, मला वचन द्या. तुमाला ठावं न्हाई एवड्यावरच त्ये उभं हायेत. मला बोलायचं हुतं कुनापाशी तरी, म्हनून बोलले. मी लिवलं ह्ये बी कळू देऊ नगा. उत्तर दिलशादच्या नावानं टाका.

गोजरा


भोसरी,
१६ एप्रिल १९८२

वहिनी,

दिलशाद हे तुला वाचून दाखवील. वचन दिलं.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि पुण्यातल्या रस्त्याच्या ऑफिसात गेलो. मला वाटलं, काहीतरी मार्ग असेल. तिथल्या क्लार्कनं माझं ऐकून घेतलं, वाईट माणूस नव्हता. म्हणाला, ज्यानं स्वतः लिहून नाव कमी केलं त्याची मागची वर्षं गेली. परत यायचं तर पहिल्या दिवसापासून, आणि सध्या रोजंदारीवर नवीन कुणाला घ्यायचं नाही असा हुकूम आहे. मी म्हटलं, साहेब, चार महिन्यांचा खाडा धरा. तो म्हणाला, याला खाडा म्हणत नाहीत, याला सोडून जाणं म्हणतात. वर म्हणाला, "तो माणूस भोसरीत नोकरीला आहे असं त्यानंच लिहिलंय. मग तुम्ही कशाला रडताय त्याच्यासाठी?"

मी नमस्कार करून बाहेर आलो.

रात्रभर विचार केला. कारखान्यात खरं सांगितलं तर मी जाईन आणि दादावर फसवणुकीचा खटला होईल, दाखला त्याचा आहे. राजीनामा दिला तर दादानं सोडलेलं परत येत नाही. दादाला इथं आणून माझ्या जागी उभं करावं तर त्याला लेथ येत नाही आणि मला सगळे ओळखतात. पैसे पाठवले तर तो परत करतो, कारण तो पगारी आहे. वहिनी, त्याला पोसायचं तरी कसं, तेवढं तू सांग. आईच्या नावानं पाठवले तरी त्याला कळणार.

मी रोज सकाळी गेटवर त्याच्या नावाचं कार्ड पंच करतो. आधी आनंद व्हायचा. आता नको वाटतं. पण लेट झालो तर पगार कापतात, म्हणून करतो.

सोमनाथ


भोसरी,
२५ एप्रिल १९८२

दादा,

तुझ्या ऑर्डरचं मागंच लिहायचं राहून गेलं. अभिनंदन. लग्नाच्या गडबडीत राहिलं.

पत्रिका छापायला टाकली आहे. कारखान्यातली माणसं येणार, पर्सोनेल ऑफिसरही येतो म्हणालाय. मी तिथं सांगून ठेवलंय की घरी मला सोमनाथ म्हणतात, पाळण्यातलं नाव ते. त्यामुळं नवरदेवाची अडचण नाही. पण निमंत्रकांत तुझं नाव घालता आलं नाही, दादा. आईचंच घातलंय. छापखानेवाल्यानं विचारलं, थोरला भाऊ नाही का. मी म्हटलं, आहे.

आता तुला पगारी रजा मिळत असेल. कायम माणसाला असतेच. तेव्हा एक आठवडा आधी ये. जांब्याला मांडव घालायला माणसं आहेत, तू काहीच करायचं नाहीस. माझ्या खोलीवर नुसता राहा, दोन वेळा जेव आणि झोप काढ. रस्त्याचं काम आठवडाभर तुझ्यावाचून अडणार नाही. खरंच ये. मी कधी काही मागितलं नाही असं म्हणत नाही, नेहमी मीच मागितलंय. हे एक शेवटचं समज.

तुझा,
सोमनाथ


कासार आंबोली,
५ मे १९८२

सोमनाथा,

पत्रिका मिळाली. छान छापली आहे. आईनं भिंतीवर लावली. नावाचं मनाला लावून घेऊ नकोस, मी वाचलीच नाही म्हण.

आठवडाभर यायचं जमणार नाही. पावसाआधी रस्त्याची कामं उरकायची असतात. साहेब म्हणतात, जयवंत, तू कायमचा माणूस, तूच गेलास तर बाकीच्यांना काय सांगू? रजा शिल्लक आहे, पण आता घेता येत नाही. तुम्हा कारखान्यातल्या लोकांना हे कळायचं नाही. लग्नाच्या दिवशी सकाळच्या एसटीनं आईला आणि गोजराला घेऊन येतो आणि संध्याकाळी परत निघतो. दुसऱ्या दिवशी कामावर जावं लागेल.

गोजरा अलीकडं माझ्याकडं बघून उगीच डोळे पुसते. विचारलं तर चुलीचा धूर म्हणते. तुझ्या लग्नाचा आनंद असेल.

मांडवात कुठं बसू ते सांग. वधूवरांच्या मागं बसलो तर तुझे साहेब लोक विचारणार, हे कोण? भाऊ म्हटलं की नाव विचारणार. लोक नाव विचारतातच. मी गेले चार दिवस विचार करतोय, पण मला दुसरं नाव सुचत नाही. तुला कारखान्यात सवय आहे, तुला येईल. तुला योग्य वाटेल ते एक ठरव आणि लवकर कळव, म्हणजे मला पाठ करायला वेळ मिळेल.

जयाला आशीर्वाद.

तुझा दादा